संगणकाचा शेरा

आजचा विषय पाहून कदाचित तुम्ही म्हणाल, हा आमच्या घरचा विषय नव्हे. संगणकावर एक प्रोग्राम असताना दुसरा बसवायला गेले की कधी कधी दोघांचे पटत नाही, आणि पडद्यावर एक चौकोन उमटून त्यात इंग्रजीत काहीतरी लिहून येते. ते 'काहीतरी' कसे लिहिलेले असावे, यावर आम्ही आज लिहिणार आहोत. अशा दोन ओळींपायी आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा महिनाभर घरात तोंड लपवून बसला होता, आणि त्यात आमचाही दोष होता. म्हणून पान संपेपर्यंत धीर धरावा, ही विनंती.

कामोठ्यात आमची एक लहानशी अभ्यासिका चालते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी काम करणाऱ्यांची, रिक्षा चालवणाऱ्यांची, धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींची मुले संध्याकाळी तिथे येऊन बसतात. घरी एकाच खोलीत टीव्ही चालू, स्वयंपाक चालू, पाहुणाही तिथेच. पोराने पुस्तक उघडायचे कुठे? एका सद्गृहस्थाने आपला जुना संगणक अभ्यासिकेला दिला. त्यावर मराठी टायपिंगचा एक जुना प्रोग्राम होता. सभांची इतिवृत्ते, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या मुलांच्या याद्या, असे सात वर्षांचे आमचे काम त्यातच होते.

हा मुलगा बारावी झालेला. सरकारी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होता. मराठी तीस शब्दांचे प्रमाणपत्र हातात असले की क्लार्कच्या जाहिरातीला अर्ज करता येतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. क्लासमध्ये जो टायपिंगचा प्रोग्राम होता तोच आमच्या संगणकावर बसवून रात्री सराव करावा, एवढाच त्याचा विचार. त्याने सीडी घातली. पडद्यावर विचारणा झाली, तिचा अर्थ असा : 'अडथळा आणणारा प्रोग्राम सापडला. काढायचा? होय / नाही.' पोराने 'होय' दाबले. दुसरे काय दाबणार? थोड्या वेळाने नवा प्रोग्रामही अर्ध्यावर थांबला आणि दुसरा चौकोन आला. त्यात एक आकडा आणि 'फेटल एरर' एवढेच शब्द.

अभ्यासिकेत इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पोराने 'फेटल' शब्द काढून पाहिला. अर्थ होता : प्राणघातक, जीवघेणा.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिष्यवृत्तीची यादी उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि उद्गारचिन्हे यांचा नुसता खच. यादी सोमवारी द्यायची होती. आमचा पारा चढला. दहा-बारा मुलांच्या देखत आम्ही ओरडलो, "कुणी हात लावला संगणकाला?" पोर उठले, "काका, चुकलं," म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते आलेच नाही. यादी आम्ही जुन्या रजिस्टरवरून रात्रभर हाताने लिहून काढली आणि तेवढ्यावर विषय संपला, असे समजलो.

चूक कुणाची होती?

आमची पुतणी नवी मुंबईतल्या एका लहान कंपनीत प्रोग्राम लिहिण्याचे काम करते. तीन आठवड्यांनी एका रविवारी ती आली, तासभर बसली आणि म्हणाली, "काका, त्या मुलाने काहीच बिघडवले नाही. त्याला जे विचारले त्याचे त्याने उत्तर दिले. विचारणाऱ्यानेच अर्धे विचारले."

तिने जे समजावून सांगितले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो.

जुने मराठी फॉन्ट ही एक प्रकारची युक्ती होती. संगणकाला मराठी अक्षर ठाऊकच नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. फॉन्ट आहे तोवर 'क' दिसतो. फॉन्ट गेला की त्या जागी खालचे इंग्रजी चिन्ह उघडे पडते. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नसे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. 'क' चा क्रमांक २३२५. हा क्रमांक जगभर एकच आहे. आमच्या फायली मात्र जुन्या पद्धतीच्या होत्या. प्रोग्राम काढताना त्याच्याबरोबर त्याचे फॉन्टही गेले. फायली जशाच्या तशा होत्या, फक्त वाचता येत नव्हत्या. पुतणीने कपाटातल्या जुन्या सीडीवरून तेवढे फॉन्ट परत टाकले आणि सात वर्षांचे काम पुन्हा डोळ्यांपुढे आले. आम्हाला खरोखर रडू आले.

आणि तो जीवघेणा एरर? जुन्या प्रोग्रामचा कीबोर्ड सांभाळणारा एक तुकडा आतल्या आत चालूच राहिला होता. तो जागेवरून हलत नव्हता, म्हणून नव्याला तिथे बसता येत नव्हते. संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू केला असता, की काम झाले असते. हे एक वाक्य त्या चौकोनात लिहिलेले असते, तर पोराला शब्दकोश उघडावा लागला नसता.

दोन प्रोग्राम भांडतात कसे?

चाळीतला सामाईक नळ आठवा. एका बिऱ्हाडाने आपल्या सोयीसाठी तोटी बदलली की शेजारणीची रबरी नळी बसत नाही. संगणकातही पुष्कळ फायली सामाईक असतात. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात नवा प्रोग्राम येई आणि सामाईक फाईल बदलून टाकी. त्याचे काम चाले, पण आधीचा एखादा बंद पडे. जाणकारांनी या त्रासाला चक्क नरकाचे नाव दिले होते. पुढे विंडोज २००० मध्ये महत्त्वाच्या फायलींवर पहारा बसला, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीत एकाच सामाईक फाईलच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय आली. भांडणे कमी झाली, पण संपली नाहीत. एकाच प्रोग्रामची जुनी आणि नवी आवृत्ती, एकच की पकडू पाहणारे दोन टायपिंग प्रोग्राम, प्रत्येक फाईलवर नजर ठेवणारे दोन अँटिव्हायरस, यांचे आजही सहसा पटत नाही. दोन वॉचमन एकमेकांनाच चोर समजून पकडून बसावेत, तसे होते.

भांडण होणारच असेल तर निदान काय झाले ते नीट सांगावे. विंडोजमध्ये प्रोग्राम बसवणाऱ्या यंत्रणेचे ठरलेले आकडे आहेत. त्यातल्या १६०३ चा अर्थ एवढाच, की बसवताना गंभीर चूक झाली. कोणती, कुठे, पुढे काय, काही नाही. १६१८ बरा आहे : दुसरे काहीतरी बसवण्याचे काम आधीच चालू आहे, ते पुरे होऊ द्या. १६३८ त्याहून बरा : याच प्रोग्रामची दुसरी आवृत्ती आधीच आहे, ती अमुक ठिकाणी जाऊन काढा किंवा बदला. म्हणजे त्याच यंत्रणेला नीट सांगताही येते.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन नावाच्या मोफत प्रणालीची रीत याहून पुढची आहे. सी-डॅकने काढलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. तिथे प्रत्येक प्रोग्राम आपल्या कागदावर आधीच लिहून आणतो की आपले कुणाकुणाशी जमत नाही. बसवण्याआधी तो कागद वाचला जातो. आणि तरीही एकाची फाईल दुसऱ्याच्या फाईलवर पडू लागली, तर संदेशात त्या फाईलचे नाव येते, ती कोणत्या प्रोग्रामची आहे ते येते, आणि त्याची आवृत्तीही येते. भाषा रुक्ष असते, पण माहिती पुरी असते.

अमेरिकेतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक बेन श्नायडरमन यांनी १९८२ सालीच लिहिले होते की संगणकाच्या संदेशात दरडावणीचा सूर नसावा. जेकब नीलसन यांनी १९९४ मध्ये दहा नियम मांडले. त्यातला नववा असा, की चुकीचा संदेश साध्या भाषेत असावा, नेमकी अडचण सांगावी आणि मार्ग दाखवावा. म्हणजे हे शहाणपण जुने आहे, फक्त ते आपल्या पोरांच्या पडद्यापर्यंत पोचलेले नाही.

दरडावणी कुणाला लागते?

आम्ही बी.कॉम. करताना पनवेलला संगणकाच्या क्लासला जात असू. विंडोज ९८ चे दिवस. एकदा शेजारच्या मित्राच्या पडद्यावर आले की या प्रोग्रामने 'इल्लीगल ऑपरेशन' केले आहे आणि तो बंद केला जाईल. इल्लीगल म्हणजे बेकायदेशीर, एवढे इंग्रजी आम्हा दोघांनाही येत होते. मित्र खुर्ची सोडून उठला तो मागे भिंतीशी जाऊन उभा राहिला. त्याचे वडील गिरणी कामगार. संपानंतर घरी बसलेले. क्लासची फी आईने कानातले मोडून भरली होती. त्याला वाटले, आता मशीनचे पैसे भरावे लागणार.

ज्याच्या घरी तीन पिढ्या टेबल-खुर्ची आहे, तो असा चौकोन आला की हसतो आणि पुन्हा बटण दाबतो. ज्याला त्या खुर्चीवर बसायला पहिल्यांदा मिळाले आहे, त्याला वाटते, आपण बसायलाच नको होते. संदेश लिहिणाऱ्याच्या मनात असे काही नसते, हे आम्ही मान्य करतो. पण मनात नसले म्हणून लागायचे राहत नाही.

आणि दुसऱ्याला काय सांगावे! आम्ही स्वतः क्लार्क. आमच्या टेबलावरून कितीतरी अर्ज 'त्रुटी असल्याने परत' असा शेरा मारून गेले. एक म्हातारी बाई तीनदा आली. पहिल्यांदा तिने दाखला आणला, दुसऱ्यांदा झेरॉक्स आणली, तिसऱ्यांदा म्हणाली, "साहेब, काय कमी हाय ते तरी सांगा, म्या तेच आनते." फक्त एक सही राहिली होती. आमच्या शेऱ्यात 'पान दोनवर सही नाही' एवढे चार शब्द असते, तर बाईचा दोन दिवसांचा रोज बुडाला नसता. संगणकाचा तो चौकोन म्हणजे संगणकाचा शेराच. तो मारणारा शेवटी माणूसच असतो, कुठेतरी टेबलाशी बसलेला.

शेरा कसा लिहावा?

योगायोग असा, की पुतणीकडे त्याच दिवसांत हेच काम आले होते. दुकानदारांसाठी हिशेबाचा प्रोग्राम, त्याची तिसरी आवृत्ती निघायची होती. दुसरी आवृत्ती संगणकावर असेल तर तिसरी बसत नव्हती. तिने संदेश लिहिला होता : 'विरोध आढळला. सेटअप बंद होत आहे.' आम्ही म्हटले, बाई, हा तर आमचाच 'त्रुटी असल्याने परत' झाला. मग आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, तपासणी आधी आणि हात मागाहून. कोणकोणते प्रोग्राम बसलेले आहेत याची नोंद विंडोजपाशी असते. सुरुवातीलाच ती पाहावी. अर्धे काम करून मग थांबू नये. थांबावेच लागले, तर सगळे पूर्ववत करून थांबावे.

दुसरी, भांडण कुणाकुणात आहे त्या दोघांची नावे आणि आवृत्त्या लिहाव्यात. 'अडथळा आणणारा प्रोग्राम' म्हणजे कोण?

तिसरी, माणसाच्या मनात जो पहिला प्रश्न येतो त्याचे उत्तर आधी द्यावे. तो प्रश्न असतो : माझे काम गेले का?

चौथी, 'होय / नाही' अशी बटणे ठेवू नयेत. दाबल्यावर काय होणार तेच बटणावर लिहावे. काही कायमचे जाणार असेल, तर ते दाबण्याआधी सांगावे.

पाचवी, कारण ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नये. चुकीचे कारण सांगण्यापेक्षा जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगितलेले बरे. पुतणी म्हणाली, "काका, कधी कधी आतून नुसता आकडाच येतो." आम्ही म्हटले, आकडा जरूर द्या, पण तळाशी द्या, दुरुस्त करणाऱ्याला फोनवर सांगायला तो उपयोगी पडतो. वरची जागा वाचणाऱ्याची.

आणि लांबण लावू नये. आठ-दहा ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही.

मसुदा तयार झाला. त्यात चौथी ओळ होती : 'प्रथम जुनी आवृत्ती विस्थापित करा.'

त्या मुलाच्या घरी

त्याच संध्याकाळी तो कागद खिशात घालून आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आई म्हणाली, "दादा, पोरगं बोलतच नाही. म्हणतं, मी सगळ्यांचं काम बुडवलं." आम्ही तिच्या देखत त्याला सांगितले, "बाळा, चूक तुझी नव्हती. विचारपूस न करता चार पोरांपुढे आवाज चढवला, ती चूक आमची." पोर खाली मान घालून बसले होते. मग आम्ही कागद पुढे केला. म्हटले, दुकानदाराला हे कळेल का, वाचून सांग.

त्याने दोनदा वाचले. मग म्हणाला, "काका, विस्थापित म्हणजे? ते विमानतळाचे लोक?"

वाचकहो, कामोठ्यात राहणाऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. सिडको १९७० साली आली, तेव्हापासून या पट्ट्यातल्या भातशेतीवर नगरे उभी राहिली. अलीकडे विमानतळासाठी तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा अशी गावेच्या गावे उठली. विस्थापित म्हणजे घर गेलेला माणूस. संगणकाच्या मराठीत कुठे कुठे 'विस्थापित करा' लिहितात, ते व्याकरणाने बरोबर असेल. पण इथल्या माणसाच्या मनात त्या शब्दाने घरे पडतात. पोराने पेन्सिल घेतली, शब्द खोडला आणि 'काढून टाका' लिहिले. मग त्याने आणखी एक विचारले, "काढल्यावर जुना हिशेब दिसेल ना? माझ्या वेळी दिसलं नाही." त्या प्रश्नाने आणखी एक ओळ वाढली. शेवटी ठरलेला संदेश असा :

'नवी आवृत्ती ३ अजून बसलेली नाही.
कारण : या संगणकावर जुनी आवृत्ती २ आहे. दोन्ही एकाच वेळी राहू शकत नाहीत, कारण दोन्ही हिशेबाची एकच फाईल वापरतात.
तुमचा हिशेब सुरक्षित आहे. काहीही बदललेले नाही.
पुढे काय करायचे : १. हिशेबाची प्रत काढून ठेवा. २. आवृत्ती २ काढून टाका. ३. संगणक बंद करून पुन्हा चालू करा. ४. आवृत्ती ३ पुन्हा बसवा. जुना हिशेब तिच्यात दिसेल.'

खाली दोन बटणे : 'आधी प्रत काढा' आणि 'जुनीच आवृत्ती ठेवून बाहेर पडा'. तळाशी बारीक अक्षरात आकडा. कंपनीच्या साहेबांनी आधी कुरकुर केली, मग मराठी दुकानदारांसाठी हा संदेश ठेवायला होकार दिला. पुतणीने आधी एक गोष्ट केली : आवृत्ती २ काढल्यावर जुना हिशेब तिसरीत खरोखर दिसतो का, हे स्वतः करून पाहिले. लिहिलेले खरे नसेल तर गोड भाषेचा काय उपयोग?

मुलगा आता पुन्हा येतो. अभ्यासिकेच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये उतरवण्याचे काम आम्ही त्यालाच दिले आहे. त्यात त्याचा टायपिंगचा सराव होतो आणि आमच्या इतिवृत्तांतल्या शुद्धलेखनाच्या चुकाही तो काढतो.

घरी एवढे करा

घरात संगणक असो की मोबाईल, असा चौकोन आला तर घाईने काही दाबू नका. आधी मोबाईलने त्याचा फोटो काढा. त्यात कुणाकुणाची नावे आणि कोणता आकडा आहे ते पाहा. महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर असू द्या; ही प्रत भांडण होण्याआधी काढायची असते. संगणक एकदा बंद करून चालू करा. मग माहीतगाराला तो फोटो दाखवा. आणि तुमची मुले-मुली प्रोग्राम लिहिण्याच्या नोकरीत असतील, तर त्यांना म्हणा, तू लिहिलेला संदेश आधी घरातल्या कुणाला तरी वाचून दाखव. आजी-आजोबांना कळला तर पुढे पाठव.

राहता राहिले आम्ही, म्हणजे थोरली माणसे. पडद्यासमोर पोर घाबरून बसलेले दिसले की "काय केलंस?" हे आपल्या तोंडात आधी येते. त्याऐवजी "काय लिहून आलंय, वाच बघू" असे म्हणावे. टेबलावर अर्ज आला की आम्हीही हल्ली काय कमी आहे ते पुरते लिहितो. शेरा दोन ओळींनी लांबतो. पण तोच माणूस तिसऱ्यांदा दारात उभा राहत नाही.